ज्येष्ठांच्या वसाहतीजवळ २२ वर्षांच्या मुलाला काम : नेरळ-बदलापूर पट्टा

खिडकीची_जागा
नमस्कार. भाच्यासाठी विचारतेय. वय २२, मुंबई विद्यापीठाचा बीकॉम, एमएस-सीआयटी झालंय, टॅली जेमतेम येतं. आजी-आजोबा नेरळजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहतात, दोघं ऐंशीच्या पुढचे. हाकेच्या अंतरावर घरचं कुणीतरी हवं, म्हणून तो तिथेच आसपास काम बघतोय. मुलुंडहून रोज जाऊन-येऊन जमणार नाही. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं : "वसाहतीतच कुठेतरी चिकटव." तिथे नक्की कोणती कामं असतात, कुणाला भेटायचं, आणि आधी कोर्स करावा का? पगार कमी असला तरी चालेल, फसगत नको.

साडेआठची_कर्जत
नोकरीच्या आधी मुक्कामाचं बघा. आजी-आजोबांचा वसाहतीशी झालेला करार काढा आणि वयाचं आणि पाहुण्यांचं कलम वाचा. बहुतेक ज्येष्ठ वसाहतींत रहिवाशाला किमान वयाची अट असते आणि तरुण नातेवाइकाला ठरावीक दिवसच राहता येतं. "नातू आहे, कोण काय म्हणणार" या भरवशावर सामान हलवू नका. एकदा समितीची नोटीस आली की नातू आणि नोकरी दोन्ही अडचणीत येतात.

म्हणजे खोली बाहेर घ्यायची. नेरळ गावात, शेलूत किंवा वांगणीत. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात अशा भाडेकराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची, नोंदणी कायद्यानेच सक्तीची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (मोठं डिपॉझिट बिनव्याजी असेल तर त्यावरचं मानीव व्याज त्यात धरतात), नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये, शहरी हद्दीत १,०००. हा कागद पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. घरमालकाकडून पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यायला लावा, कारण वसाहतीत काम करायचं तर चारित्र्य पडताळणी मागतातच आणि पत्ता जुळला नाही की ती अडकते.

बदलापूरला राहू नका असं म्हणत नाही, पण बदलापूरच्या पुढे गाड्या एकदम विरळ होतात. बऱ्याच लोकल तिथेच संपतात, पुढे कर्जत किंवा खोपोलीचीच वाट बघावी लागते. सकाळी सातची ड्युटी असेल तर एक गाडी चुकली म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचा उशीर. आणि पावसाळा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली ती बदलापूर-वांगणीच्या मधेच. उल्हास नदी चढली की पहिला हाच तुकडा बंद पडतो. त्या दिवशी वसाहतीत चालत येणारी माणसंच कामावर असतात, आणि हे तिथल्या मॅनेजरला पक्कं माहीत असतं. नेरळ बाजूला राहणं ही त्याच्या अर्जातली सर्वांत जड ओळ आहे. ती वर लिहा.

ठेका_पद्धत
"वसाहतीत चिकटव" म्हणजे नक्की कुणाकडे, इथेच लोक चुकतात. वसाहतीच्या स्वतःच्या पगारपत्रकावर फार थोडी माणसं असतात : मॅनेजर, एखादा अकाउंटंट, फ्रंट डेस्क, कुठे नर्स, कुठे कार्यक्रम बघणारं कुणी. बाकी सगळं ठेक्यावर. हाउसकीपिंग एकाकडे, सिक्युरिटी दुसऱ्याकडे, किचन केटररकडे, बाग आणि एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) आणखी कुणाकडे, आणि घरात येऊन देखभाल करणारे अटेंडंट ब्युरोचे, म्हणजे माणसं पुरवणाऱ्यांचे. ऑफिसात अर्ज ठेवून आलात तर तो ड्रॉवरमध्येच राहतो, कारण ज्याला माणूस हवाय तो त्या ऑफिसात बसतच नाही.

करायचं असं. गेटवरच्या गार्डच्या आणि झाडणाऱ्या मावशींच्या गणवेशावर एजन्सीचं नाव असतं, ते टिपा. मग मॅनेजरला भेटून थेट विचारा, "किचन आणि हाउसकीपिंगचे साइट सुपरवायझर कोण? त्यांना भेटता येईल का?" सुपरवायझर सकाळी शिफ्ट लावताना साइटवर हमखास सापडतो, दुपारी बाराला गेलात तर नाही. पुष्कळ ठेके आर्थिक वर्षाप्रमाणे चालतात, म्हणून मार्चच्या सुमारास एजन्सी बदलते तेव्हा नव्या माणसाला माणसं हवी असतात. दुसरी वेळ गणपती आणि दिवाळीच्या आधीची. गावी गेलेली मुलं वेळेवर परत येत नाहीत.

बरोबर न्यायचं : आधार, पॅन, बँक पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, चार फोटो, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, भाडेकरार. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायची नाही. "जमा करा, सोडताना परत देऊ" म्हणणारा माणूस सोडताना सापडत नाही. गणवेशाचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, फाइल चार्ज असलं काही आधी मागितलं तर तिथूनच उठायचं.

पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. नेरळला राहणार म्हणजे रायगड पोलीस. मुलुंडच्या पत्त्यावर काढलेली मुंबई पोलिसांची पुन्हा काढावी लागेल, म्हणून खोली पक्की झाल्यावरच अर्ज करा.

काकांचा_सल्ला
मुलगा आहे, बीकॉम आहे, त्याला म्हाताऱ्यांची सेवा वगैरे कशाला? ते बायकांचं काम. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत घाला, तिथे भरपूर कारखाने आहेत.

मॅकिनटॉश
काका, ७५ किलोच्या आजोबांना पलंगावरून व्हीलचेअरवर घेऊन दाखवा, मग बोलू. :) पुरुष पेशंटची आंघोळ, कॅथेटर (लघवीची नळी), डायपर यासाठी घरचे लोक पुरुष अटेंडंटच मागतात आणि चांगला मिळत नाही अशीच ब्युरोंची रड असते.

खिडकीताई, त्याला हे काम करायचं असेल तर आधी नीट समजून घेऊ दे. अटेंडंट म्हणजे नर्स नव्हे. जीडीए, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, हा हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा अभ्यासक्रम आहे. तो करून रोजची देखभाल करता येते. इंजेक्शन देणं, सलाइन लावणं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणं हे त्याचं काम नाही. ते एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्यांचं. घरचे म्हणतात "इन्सुलिनच तर आहे, टोच ना." नाही म्हणायचं. कधी काही बिघडलं तर ब्युरो हात वर करतो आणि मुलगा एकटा उभा राहतो.

ट्रायल ड्युटीला सुपरवायझर किंवा सिस्टर काय बघतात ते सांगते, कारण तिथेच बरेच जण नापास होतात.

व्हीलचेअरवर घेणं : खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी साधारण ३० ते ४५ अंशात. दोन्ही ब्रेक लावायचे, पायपट्ट्या वर उचलायच्या. पेशंटला कडेला बसवून एक-दोन मिनिटं थांबायचं, एकदम उठवलं की रक्तदाब पडून चक्कर येते. मग आपले गुडघे वाकवून, पाठ ताठ, पेशंटच्या कमरेच्या पट्ट्याला धरून उठवायचं. काखेत हात घालून ओढणं ही सगळ्यांची पहिली चूक. अर्धांगाच्या पेशंटचा खांदा त्यानेच निखळतो.

कूस बदलणं : अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी. माकडहाड, टाचा, कंबर रोज बघायचं. लाली बोटाने दाबून फिकी होत नसेल तर बेडसोअरची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे, तिथे चोळायचं नाही, सिस्टरला दाखवायचं. एअर बेड लावला म्हणून कूस बदलणं माफ होत नाही.

भरवणं : पूर्ण ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा घास नाही. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. पाण्याने ठसका लागतो आणि भाताने लागत नाही, असं दिसलं तर लगेच सांगायचं. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जात असल्याची ती खूण असू शकते.

कॅथेटर : पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीवर टेकलेली नको. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, किती मिली आणि रंग कसा ते वहीत लिहायचं. व्हीलचेअरवर घेताना पिशवी मांडीवर ठेवतात आणि लघवी उलटी फिरते, हे फार वेळा होतं.

मधुमेही माणूस घामाघूम झाला, बरळायला लागला तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

आणि पडलेल्या माणसाला लगेच उचलायचं नाही. आधी विचारायचं कुठे दुखतंय, पाय हलवता येतो का, डोकं आपटलं का. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता मोठी.

हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर आत्ताच सुरू करा. तीन डोस : पहिला, मग एका महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी.

खिडकीची_जागा
बाप रे. एवढं असेल असं वाटलं नव्हतं. मग कोर्स आधीच करावा ना?

मॅकिनटॉश
हो. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेखालच्या केंद्रात फी नसते. दहावी पास पुरे. पण केंद्र निवडताना एकच प्रश्न विचारा : "हॉस्पिटलमधली प्रत्यक्ष ड्युटी कुठे आणि किती दिवस?" नाव सांगता येत नसेल तर ते केंद्र फक्त पुतळ्यावर शिकवतं. प्रमाणपत्राची पडताळणी स्किल इंडिया डिजिटल हबवर होते का ते आधीच्या बॅचमधल्या एखाद्या मुलाच्या प्रमाणपत्रावरून बघून घ्या. रंगीत छापलेला कागद कुणीही देतं.

ठेका_पद्धत
थोडा असहमत. आधी दहा-पंधरा दिवस ड्युटी, मग कोर्स. या कामात सोडून जाणारे पहिल्या पंधरवड्यातच जातात. वास सहन होत नाही, रात्रीची ड्युटी झेपत नाही, डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) पेशंट शिव्या देतात ते मनाला लागतं. कोर्सवर तीन-चार महिने घालवून मग हे कळण्यात अर्थ नाही. आजोबांच्याच वसाहतीत असिस्टेड लिव्हिंगचा, म्हणजे रोज मदत लागणाऱ्या ज्येष्ठांचा, विभाग असेल तर हाउसकीपिंग किंवा डायनिंगला लावा. पेशंटजवळ वावरणं जमतंय की नाही ते तिथेच कळेल.

मॅकिनटॉश
हाउसकीपिंगला लावा, हे मान्य. न शिकलेल्याला पेशंटला हात लावू द्या, हे नाही. पडला तर पेशंट पडतो.

ठेका_पद्धत
बरोबर, तसंच म्हणतोय. वाक्य अर्धवट लिहिलं.

आता पगाराची चिठ्ठी, कारण फसगत तिथे होते. समजा एकूण पगार १६,००० ठरला आणि त्यातला पीएफसाठी धरायचा भाग १५,०००. तर पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआय (कामगार विमा) एकूण पगाराच्या ०.७५ टक्के म्हणजे १२०. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १३,८८०. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू. मालकाचा वाटा वेगळा : पीएफचे प्रशासन आणि विमा धरून १३ टक्के, ईएसआय ३.२५ टक्के. तो मालकाने वरून भरायचा असतो. काही ठेकेदार दोन्ही वाटे मुलाच्याच पगारातून कापतात आणि "कंपनीचा नियम आहे" म्हणून सांगतात. म्हणून तोंडी ठरवताना "हातात किती?" एवढंच विचारू नका. "एकूण किती, कापणार काय काय, आणि यूएएन कधी मिळेल?" असं विचारा. यूएएन म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, तो सरकारी उमंग अॅपवर चेहरा पडताळून स्वतःलाच काढता येतो. दुसऱ्या महिन्यात पासबुक उघडून पैसे जमा झालेत का ते बघायचं. चिठ्ठीवर कपात दिसते आणि पासबुक रिकामं, हा सर्वांत नेहमीचा घोटाळा.

किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. चिठ्ठीवरचा आकडा वर्षभर तसाच राहिला असेल तर विचारायचा हक्क आहे.

१२ तासांची ड्युटी आठवड्याला सहा दिवस म्हणजे ७२ तास. ४८ च्या वरचे २४ तास दुप्पट दराने धरायला हवेत. प्रत्यक्षात "१२ तासांचा पगार" म्हणून एकच गोल आकडा सांगतात. त्याचे तास पाडून बघा, मग कळतं कुठली एजन्सी बरी.

खिडकीची_जागा
आणि ब्युरो? ते वेगळं असतं का?

मॅकिनटॉश
वेगळं. ब्युरो बहुतेकदा तुम्हाला कर्मचारी मानतच नाही, फक्त जोडून देतो. ग्राहकाकडून रोजाने पैसे घेतो आणि आपलं कमिशन कापून उरलेले देतो. विचारायचं असं : ग्राहकाकडून किती घेता, माझ्या हातात किती, पैसे रोज, आठवड्याने की महिन्याने, पेशंट दवाखान्यात दाखल झाला किंवा गेला तर मधले दिवस काय, जेवण घरी मिळणार की डबा आणायचा, २४ तासांच्या ड्युटीत सलग झोप किती. शेवटचा प्रश्न लाजून विचारत नाहीत, आणि मग तिसऱ्या रात्री डुलकी लागली म्हणून तक्रार जाते.

दर ड्युटीची सही घरच्यांकडून आपल्या स्वतःच्या वहीत घ्यायची. ब्युरोच्या रजिस्टरवर विसंबायचं नाही.

जे_नमुना
तुम्ही सगळे त्याला पेशंटकडे न्यायला निघालात, पण तो बीकॉम आहे हो! वसाहतीचं ऑफिस आणि आसपासच्या गृहनिर्माण संस्था यांच्याकडे त्याच्या शिक्षणाचं काम आहे, आणि मला विचाराल तर तेच टिकाऊ.

बदलापूर, वांगणी, नेरळला गेल्या काही वर्षांत इमारतींचं रान उठलंय. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला हिशेब ३१ मार्चला बंद करायचे, लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत. समित्यांवर निवृत्त मंडळी, मान मोडून वह्या लिहिणारं कुणी नाही. एका संस्थेचा पगार निघत नाही, पण पाच-सहा संस्थांचं महिन्याचं काम एकत्र केलं की निघतो. कामाची ददात नाही, चुका न करणारा माणूस हवा.

काय यायला हवं : सभासदांची आय नमुन्यातली नोंदवही आणि जे नमुन्यातली यादी. मासिक देखभालीची बिलं काढणं. निधी कसे आकारतात ते : सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. बरीच बिलं इथे चुकतात, कारण कुणीतरी फ्लॅटच्या बाजारभावावर टक्के लावलेले असतात. थकबाकीवरचं व्याज सरळव्याजाने असतं. टॅलीत मागच्या महिन्याचं व्याज मुद्दलात मिसळून पुढे नेलं की चक्रवाढ होतं आणि सभासद तक्रार घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जातो. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. ज्येष्ठांच्या इमारतींत हे सारखं येतं, कारण मुलं परदेशी आणि फ्लॅट भाड्याने दिलेला. पण मुलगा, मुलगी, नातवंडं असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर ते लावता येत नाही. लावलं की भांडण ठरलेलं. देखभाल शुल्क प्रत्येकी महिना ७,५०० च्या वर आणि संस्थेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीचं बघावं लागतं. सेवा देणाऱ्या मोठ्या वसाहतींत हे हमखास येतं.

तयारी कशी : टॅलीत एक बनावट संस्था उघडा. १२ सदनिका, वेगवेगळ्या आकाराच्या. तीन महिन्यांची बिलं काढा, दोन सभासद थकवा, एकाची अर्धीच रक्कम जमा दाखवा, एक चेक परत आणा. शेवटी बँकेशी ताळमेळ घाला. हे चुकल्याशिवाय जमलं की मुलाखतीला जा. छापलेले नमुने फाइलमध्ये घेऊन जा, समितीतले निवृत्त बँकवाले काका ते बारकाईने बघतात आणि खूश होतात.

पुढची पायरी जीडीसी अँड ए. सहकार खात्याची परीक्षा, कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, सहा पेपर, साधारण मे महिन्यात. पास झाला की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे वाट जाते. २२ वर्षांच्या बीकॉमने हे न करणं म्हणजे दारात लोकल उभी असताना चालत जाणं.

काकांचा_सल्ला
हे पटलं. माझा कारखाना मागे घेतो.

साडेआठची_कर्जत
काका, आनंदनगर एमआयडीसी अगदीच वाईट नाही. पण ती अंबरनाथला, आणि प्रश्न आजी-आजोबांच्या जवळ राहण्याचा आहे. शिफ्ट रात्री सुटली तर नेरळची गाडी मिळेपर्यंत कर्जतच्या दिवाडकरांचा वडा आठवत फलाटावर बसावं लागेल.

नोव्हेंबरची_रांग
पूर्ण वेळच्या नोकरीबरोबर चालेल असं एक जोडकाम. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, ईपीएफवाल्यांना वर्षात कधीही, तो बारा महिने चालतो. ज्येष्ठ वसाहतीत हे काम दारातच असतं. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन्ही अॅप फोनवर लागतात, पाच मेगापिक्सेल किंवा वरचा कॅमेरा.

कुठे अडतं : आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद, पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांकात एक आकडा चुकीचा, पेन्शन देणारी संस्था निवडताना बँकेच्या जागी सरकारी खातं निवडलं जातं, आणि चेहरा ओळखत नाही कारण खिडकी पाठीमागे आहे. उजेड समोरून हवा, चश्मा काढायला सांगा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. दाखल्याचा प्रमाण क्रमांक आला म्हणजे झालं असं नाही, दोन-तीन दिवसांनी तो स्वीकारला की नाकारला ते पोर्टलवर बघून सांगायचं. बहुतेक जण हेच करत नाहीत आणि डिसेंबरची पेन्शन थांबते.

एक पथ्य. ओटीपी आजोबांनीच वाचून आजोबांनीच टाकायचा. त्याने बँकेचं अॅप उघडायचं नाही, एटीएमचा पिन ऐकायचा नाही, "पाच हजार काढून आण रे" म्हटलं तरी जायचं नाही. उद्या कुणाच्याही खात्यात गडबड झाली तर पहिलं बोट फोन हाताळणाऱ्या पोराकडे जातं. काम आधी वसाहतीच्या मॅनेजरला सांगून, लेखी परवानगी घेऊन, सामाईक हॉलमध्ये करायचं. कुणाच्या घरात, दार लावून नाही.

ठेका_पद्धत
यालाच जोडून. नातू म्हणून ओळख सांगायची की नाही? सांगायची, पहिल्याच भेटीत, पण एकदाच. लपवली आणि नंतर कळली तर विश्वास जातो. मात्र आजोबांना मॅनेजरकडे शब्द टाकायला लावू नका. ते महिन्याचे पैसे भरणारे रहिवासी आहेत. त्यांच्या दबावाने घेतलेल्या मुलाला सुपरवायझर कधी आपला मानत नाही आणि पहिल्या चुकीला वर तक्रार करतो. आजोबांच्या इमारतीत ड्युटी नको, दुसऱ्या इमारतीत द्या, असं त्यानेच सांगितलं तर उत्तम. रहिवाशांकडून भेटवस्तू, उसने पैसे काहीही घ्यायचं नाही.

खिडकीची_जागा
सिक्युरिटीला लगेच घेतात असं ऐकलं. चालेल का तात्पुरतं?

ठेका_पद्धत
लगेच घेतात, हे खरं. पण २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याच्या नियमांत गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान २० कामकाजाच्या दिवसांत, असं प्रशिक्षण सांगितलंय. आज अर्ज, उद्या गेटवर उभा, असं करणारी एजन्सी नियम मोडतेय; ती पीएफही तसाच भरत असेल. बीकॉमला मी तरी गेटवर पाठवणार नाही. फ्रंट डेस्क किंवा कंट्रोल रूमची जागा असेल तर बघा. तिथे आपत्कालीन घंटी वाजल्यावर कुणाला कोणत्या क्रमाने फोन करायचा हे पाठ लागतं, आणि मराठी-हिंदीबरोबर थोडी गुजराती-इंग्रजी येत असेल तर लगेच उपयोगी पडते.

जे_नमुना
आणखी एक सरकारी वाट : मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ ची. १८ ते ३५ वय, पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन, थेट आधार-जोडलेल्या खात्यात. नोंदणी रोजगार महास्वयम पोर्टलवर. ही नोकरी नव्हे, प्रशिक्षण आहे. मुदत संपली की कायम करतील अशी अपेक्षा ठेवायची नाही. आणि आस्थापनाही पोर्टलवर नोंदलेली लागते, म्हणून आधी विचारा "तुमची नोंदणी आहे का", मग अर्ज. त्याच पोर्टलवर रोजगार मेळाव्यांच्या तारखाही येतात. नेरळ रायगड जिल्ह्यात, म्हणजे जिल्हा कार्यालय अलिबागला. बदलापूर-वांगणी मात्र ठाणे जिल्ह्यात. मेळावा शोधताना दोन्ही जिल्हे टाका, नाहीतर दोन स्टेशनांवरची जागा दिसणारच नाही.

खिडकीची_जागा
सगळ्यांचे खूप आभार. भाच्याला धागा वाचायला दिला. त्याला हिशेबाचं काम पटलंय, सोबत नोव्हेंबरातले दाखले. सोमवारी नेरळला खोली बघायला जातोय. जाताना वसाहतीच्या मॅनेजरला भेटावं की खोली झाल्यावर?

साडेआठची_कर्जत
आधी खोली. मॅनेजरचा पहिला प्रश्न "राहता कुठे?" हाच असतो. आणि खोली बघताना पावसाळ्यात रस्त्यावर पाणी कुठपर्यंत येतं ते मालकाला नाही, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा.

जे_नमुना
मॅनेजरला सकाळी साडेदहा-अकराला भेटा. महिन्याच्या १ ते १० मध्ये नको, तेव्हा बिलं आणि वसुली चाललेली असते, कुणी मान वर करत नाही. टॅलीचे छापलेले नमुने विसरू नका, आणि सदनिका बाराच ठेवा. पन्नास केल्यात तर कुणी वाचत नाही.